मोटारीत वारंवार बिघाड : ग्राहकाचे हक्क

नव्या मोटारीचे इंजिन दुरुस्तीनंतरही वारंवार बिघडत असेल, तर मालकाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. सदोष मोटारींच्या खरेदीदारांसाठी भारतात वेगळा कायदा नाही. मोटारीसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी लागते. ती स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत.

दोष दूर करणे, मोटार बदलून देणे, किंमत परत करणे किंवा नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. तथापि, सदोष भाग बदलून काम भागत असेल, तर संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे दोष मूळ निर्मितीतलाच असल्याचे सिद्ध करणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी तज्ज्ञाचा तपासणी अहवाल आणि प्रत्येक दुरुस्तीचे जॉब कार्ड उपयोगी पडते. गाडी दुरुस्तीला देतानाच तक्रार त्यावर स्पष्ट शब्दांत नोंदवून घ्यावी. दर वेळी केवळ ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढीच नोंद झाली, तर तोच दोष पुन्हा उद्भवल्याचा पुरावा उरत नाही.