बोरू आणि बोरूबहाद्दर

कचेरीतील कारकुनाची थट्टा करायची झाली, की आपण त्याला ‘बोरूबहाद्दर’ म्हणतो. पण प्रत्यक्ष बोरू ना म्हणणाऱ्याने पाहिलेला असतो, ना ऐकणाऱ्याने. श्रोतेहो, हत्यार कोणते आणि ते कोणाच्या हाती, हा आम्हां कामगार चळवळीतील माणसांचा नित्याचा प्रश्न. तो आज लेखणीला विचारून पाहू.

बोरू म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या नळासारख्या गवताचे कांडे. ते चांगले वाळवून वीतभर कापावयाचे. एका टोकाला चाकूने लांब उतार द्यावयाचा, आतला भुसभुशीत गर खरवडून काढावयाचा, दोन्ही कडा तासून टोक निमुळते करावयाचे आणि मधोमध बारीक चीर पाडावयाची. शाई टोकापर्यंत उतरते ती या चिरेतून. शेवटी टोक कठीण वस्तूवर टेकवून एका घावात छाटावयाचे; या छाटाला ‘कत’ म्हणत. कत रुंद, तर अक्षर ठसठशीत. कत बारीक, तर अक्षर बारीक. लिहिता लिहिता टोक भिजून मऊ पडे, की पुन्हा चाकू हाती घ्यावा लागे. म्हणजे लिहिणारा आपले हत्यार आपणच घडवी. रामदासांनी दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात अक्षराच्या वळणाबरोबर बोरू, शाई आणि चाकू यांचाही विचार आहे. या कामात त्यांना कमीपणा वाटला नाही.

युरोपात हेच काम पिसाकडून घेत. हंसजातीच्या पक्ष्याच्या पंखातील मोठे पीस तापल्या वाळूत कडक करून त्याला असाच उतार आणि अशीच चीर देत. पिसाचे टोक लवचीक. दाब पडला की ते फाकते आणि रेघ जाड होते. बोरू ताठ, त्याची जाडबारीक रेघ कताच्या रुंदीतून आणि हाताच्या कलातून येते. आपला बांदा या दोन लेखण्यांच्या सीमेवरचा गाव. पलीकडे गोव्यात १५१० पासून पोर्तुगीजांचा अंमल आणि त्यांची रोमन अक्षरे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी, पण १६१६ मध्ये ते छापले गेले रोमन लिपीत. अलीकडे सावंतवाडी संस्थानात मोडी. कागदावर आधी आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे ओढीत जावयाचे, ही मोडीची रीत.

आता मुद्द्याचा प्रश्न. बोरू नदीकाठी उगवे, काजळ चुलीवर मिळे, डिंक बाभळीवर. इतके स्वस्त हत्यार दुसरे नसेल. मग लिहिणारे इतके थोडे का? कारण हत्यार फुकट होते, पण ते चालविण्याची विद्या काही थोड्या जातींच्या घरांत कोंडलेली होती. जुने कागद उलगडले, की कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ दिसते. नांगर धरणाऱ्याने नांगराचे चित्र काढावे. वर काय लिहिले आहे ते लिहिणाराच जाणे! या लेखणीच्या सत्तेखाली शेतकरी कसा नागवला जातो, ते महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडले.

दरम्यान विलायतेत बर्मिंगहॅमला १८३० च्या सुमारास जोसेफ गिलॉट आदी कारखानदार यंत्रावर पोलादी टोके काढू लागले होते. कारकून जी चीर आपल्या चाकूने पाडी, ती आता दाबयंत्रापुढे बसलेल्या मजूर स्त्रिया पाडू लागल्या; त्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया आणि मुलीच होत्या. तो टाक इकडे आला आणि बोरू मागे पडला. मोडीचे वळणही बदलले. अक्षर बारीक, घाईचे झाले. हाताने घडवलेली वस्तू गेली आणि विकत घ्यावी लागणारी आली. आम्हांस याची हळहळ वाटते. पण त्याच काळात शाळेचे दार थोडे किलकिले झाले, हेही विसरता येत नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी १८९० मध्ये पदरात पडली. नांगराच्या निशाणीपासून हा पल्ला लहान नव्हे.

तो अजून पुरा झालेला नाही. कोऱ्या पगारपत्रकावर सही करणारी, वा हातात पडलेल्या रकमेपेक्षा मोठ्या आकड्यापुढे अंगठा उठवणारी माणसे संघटनेच्या कामात आजही आम्हांस भेटतात. त्यांच्या हातात पेन आहे, मोबाईल आहे. ‘वर काय लिहिले आहे?’ असे विचारण्याचे बळ तेवढे नाही.

बोरू आज उरला आहे तो सुलेखनकारांच्या हाती. तो त्यांनी जरूर जपावा. आपण मात्र ‘बोरूबहाद्दर’ या शब्दातला कुचकेपणा टाकून द्यावा. आपले हत्यार स्वतः तासणारा तो कारकूनही श्रमिकच होता, आणि हक्कासाठी त्याच्या वारसांनी जो लढा चालविला त्याला आपण ‘लेखणीबंद’ हे नाव दिले आहे. लेखणी कधी खाली ठेवावी, हे ज्याला कळले त्याला तिचे मोल कळले. मात्र त्याआधी ती प्रत्येकाच्या हाती पोचली पाहिजे, आणि कागद वाचल्यावाचून कागदावर टेकता कामा नये.