प्रोस्टेटचे ऑपरेशन: टीयूआरपी की लेझर?

वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी अडू लागली आणि औषधांनी भागले नाही, तर ऑपरेशन करतात. दोन्ही पद्धतींत दुर्बीण मूत्रमार्गातून जाते. पोटावर छेद नसतो.

टीयूआरपी: विजेच्या तारेने वाढलेला भाग थोडा थोडा खरवडून काढतात. मध्यम आकाराच्या ग्रंथीसाठी ही जुनी, रुळलेली पद्धत.

होलेप: होल्मियम लेझरने आतला गाभा सोलून मूत्राशयात ढकलतात आणि तिथे बारीक करून बाहेर काढतात. खूप मोठ्या ग्रंथीलाही चालते, रक्तस्राव कमी होतो, कॅथेटर सहसा लवकर निघतो. मात्र सर्जनचा हात सरावलेला हवा.

दोन्हींनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाण्याची शक्यता मोठी असते. लेझरनेही ती टळत नाही. त्यामुळे पुढे मूल हवे असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.