तबकडींतील आवाज आणि त्याचें माप

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकानें कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें मेणाच्या तबकडीवर उतरून घेतलें. ही हकीकत पुष्कळदां सांगितली जाते. परंतु सांगणाराचें लक्ष बहुधा गायिकेच्या दागिन्यांकडे असतें, आणि त्या खोलींत आवाजाचें नियमन कसें होत होतें हा प्रश्न बाजूस राहतो. त्या काळीं या कामीं वीज नव्हती. गाणाराच्या तोंडासमोर मोठा कर्णा, कर्ण्याच्या टोकाशीं पातळ पडदा, पडद्यास जोडलेली सुई आणि सुईखालीं फिरणारें मेण, एवढीच सामग्री. आवाज लहान झाला तर मेणावर रेघ उमटेना. मोठा झाला तर पडदा खरखरूं लागे. म्हणून तार षड्जास जातांना गाणारानें मान मागें घ्यावी व मंद्रांत उतरतांना कर्ण्याजवळ यावें अशी शिकवण असे. गायकाला दंडास धरून पुढें-मागें सरकविण्याची चालही होती. साधें व्हायोलिन मेणापर्यंत पोंचत नसे, म्हणून धातूचा कर्णा बसविलेलें निराळें व्हायोलिन वापरीत. आज ज्याला आपण आवाजाची पातळी ठरविणें म्हणतों, तें काम त्या वेळीं पावलांनीं होत असे.

१९२५ सालीं हा प्रकार पालटला. जोसेफ मॅक्सफील्ड व हेन्री हॅरिसन यांनीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठीं सिद्ध केलेली विजेची पद्धति व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनीं त्या वर्षीं उपयोगांत आणली. मायक्रोफोन आवाजाची वीज करी, वर्धक ती वीज वाढवी, आणि वाढलेली वीज सुई हलवी. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खांसाहेब यांच्या, शतकाच्या आरंभींच्या तबकड्या आणि १९३४ नंतरच्या तबकड्या एकापुढें एक लावून ऐकाव्या, म्हणजे या पालटाचें मोल कळतें. पहिल्यांत खांसाहेब लांबच्या खोलींत गात आहेत असें वाटतें. दुसऱ्यांत त्यांचा तो नाजूक, मुद्दाम लहान लावलेला स्वर अगदीं कानाशीं येतो. ज्याला ओरडावेंसें वाटत नाहीं अशा गायकास यंत्राचा खरा आश्रय मिळाला तो येथें.

परंतु सोय झाली तशी नवी जबाबदारीही आली. आवाज आतां एकाच उडीनें मेणांत जात नव्हता. टप्प्याटप्प्यानें जात होता. मोटेचें पाणी थारोळ्यांत पडतें, थारोळ्यांतून पाटाला लागतें, पाटांतून वाफ्यावाफ्यांत वळतें. धार एकदम मोठी आली तर पाटाचे कांठ फुटतात. धारच बारीक असेल तर पाणी वाटेंत मुरतें आणि वाफ्यांत चिखल तेवढा पोंचतो. ध्वनिमुद्रणांतही हाच न्याय आहे. पहिल्या टप्प्यावर आवाज क्षीण घेतला आणि शेवटीं वाढविला, तर मधल्या सर्व यंत्रांची सळसळही त्याबरोबर वाढते. उलट पहिल्याच टप्प्यावर तो अति घेतला, तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. मग पुढें आवाज कितीही उतरवा, छाटलेला माथा परत येत नाहीं. ही दुसरी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढील सर्व तंट्याचें मूळ तींत आहे.

पाटकऱ्याला पाणी डोळ्यांनीं दिसतें, आवाज दिसत नाहीं. तो दिसावा म्हणून माप हवें होतें. टेलिफोनच्या तारांत आवाज किती गळतो हें सांगण्यासाठीं बेल प्रयोगशाळेंत एक एकक वापरीत; १९२८ सालीं त्यास अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नांवावरून डेसिबेल हें नांव पडलें. दहा डेसिबेल वाढले कीं शक्ति दसपट होते, पण कानाला आवाज सुमारें दुप्पटच भासतो. कान हें असें हिशेबाला न जुमानणारें इंद्रिय आहे. १९३३ सालीं हार्वे फ्लेचर व मन्सन यांनीं दाखविलें कीं आवाज लहान असतां खर्जाचे स्वर कानाला विशेष कमी ऐकूं येतात. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें सारखे असलेले दोन स्वर श्रोत्याच्या दृष्टीनें सारखे नसतात.

१९३९ सालीं अमेरिकेंतील दोन मोठ्या रेडिओ कंपन्या व बेल प्रयोगशाळा यांनीं मिळून एक मीटर प्रमाण म्हणून ठरविला. त्याचा कांटा मुद्दाम आळशी ठेवला होता; आपल्या जागीं पोंचावयास त्याला सेकंदाचे तीन दशांश लागत. बोलण्याचा व गाण्याचा सर्वसाधारण चढउतार तो बरा दाखवी, पण तबल्याची थाप कांटा हलण्यापूर्वींच निघून जाई. इंग्लंडांत बी. बी. सी. नें उलट मार्ग धरला: त्यांचा कांटा झटकन चढे आणि सावकाश उतरे, कारण त्यांना लाटेचा माथा पकडावयाचा होता. आवाज केवढा वाटतो हें पहिला सांगे. यंत्राला तो सोसेल कीं नाहीं हें दुसरा सांगे. दोन्ही प्रश्न खरे, पण ते एक नव्हेत.

१९८२ सालीं काम्पॅक्ट डिस्क आली आणि हा भेद विसरला गेला. जुन्या तबकडींत आवाज मोठा केला कीं खांच रुंद होई व तबकडींत मावणारा वेळ घटे. मेणानें व लाखेनें हांवेला असा लगाम घातला होता. नव्या तबकडींत सुमारें ९६ डेसिबेलांचा पल्ला मिळाला, सळसळ जवळजवळ गेली, परंतु वरचें छत लोखंडी झालें. प्रत्येक गाण्याचा सर्वांत उंच माथा या छताला टेकविणें यालाच पातळी सारखी करणें म्हणूं लागले. माथे सर्वांचे सारखे. मग शेजाऱ्यापेक्षां आपलें गाणें मोठें वाटावें कसें? माथे दडपून मधला भाग वर उचलावा, एवढा एकच उपाय उरला. दोन गाणीं लागोपाठ ऐकविलीं तर किंचित् मोठें असलेलें गाणें माणसाला अधिक चांगलें वाटतें, ही दुर्बलता व्यापारानें ओळखली होती. १९९५ सालची ओएसिसची तबकडी या चढाओढीचा मासला म्हणून दाखवितात, आणि २००८ सालीं मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या तबकडीनें तर कळस केला. माझ्या मतें यांत कर्कशपणापेक्षां मोठी हानि आहे ती शांततेची. विलंबित आणि द्रुत, कुजबूज आणि आरोळी, सारींच एका उंचीवर आणून बसविलीं, तर गवयानें राखून ठेवलेला आवाज कोणासाठीं राखला होता?

उपाय निघाला तो मापांतच. २००१ सालीं डेव्हिड रॉबिन्सन यांनीं अशी योजना मांडली कीं गाण्याला हात न लावतां, तें कानाला केवढें वाटतें याचा आंकडा त्यासोबत लिहावा आणि वाजविणाऱ्या यंत्रानें सबंध गाणें तितकें खालीं-वर करावें. एका गाण्यासाठीं एक आणि संपूर्ण तबकडीसाठीं एक असे दोन आंकडे त्यांत होते. दुसऱ्यामुळें तबकडींतील मुद्दाम शांत ठेवलेलें गाणें शांतच राही. हा विवेक मला फार आवडतो. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें कानाच्या कलानें चालणारें माप प्रसिद्ध केलें. २०१० सालीं युरोपीय प्रसारण संघानें कार्यक्रमांसाठीं उणे २३ ही पातळी नेमून दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जाहिरातींच्या ओरडण्यास आळा घालणारा कायदा अमेरिकेंत झाला. पुढें स्पॉटिफायसारख्या सेवांनीं सुमारें उणे १४ ही पातळी धरली.

आतां जो ओरडून आला त्याला दाराशींच हळू बोलावयास लावतात. परंतु पातळी उतरविणें म्हणजे दडपलेलें उलगडणें नव्हे. ‘डेथ मॅग्नेटिक’ ची २००८ सालची आवृत्ति अशा ठिकाणीं लावली तर ती इतरांइतक्याच आवाजांत वाजते, मात्र ढोलाची थाप छाटलेलीच येते. तींच गाणीं ‘गिटार हीरो’ नांवाच्या एका खेळांत कमी दडपलेलीं मिळत होतीं. बँडचे कित्येक चाहते दुकानांतील तबकडी बाजूस ठेवून खेळांतलीं गाणीं ऐकत बसले.