आचार्य शं. द. जावडेकर : पत्रकारिता आणि राजकीय इतिहासदृष्टी

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात पत्रकार आणि इतिहासकार या दोन भूमिका अनेकदा एकाच व्यक्तीत एकवटलेल्या दिसतात. आचार्य शंकर दत्तात्रय जावडेकर (१८९४-१९५५) हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्या चळवळीत आपण स्वतः सहभागी आहोत तिचा इतिहास तटस्थपणे लिहिता येतो काय, या प्रश्नाच्या संदर्भात त्यांच्या कार्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जीवन व पत्रकारिता

जावडेकरांचा जन्म कोल्हापूर संस्थानातील मलकापूर येथे झाला. १९२० च्या असहकार आंदोलनापासून ते राष्ट्रीय चळवळीत उतरले व पुढे त्यांनी कारावासही भोगला. इस्लामपूर ही त्यांची कर्मभूमी होती. 'नवशक्ती' व 'लोकशक्ती' या पत्रांचे त्यांनी संपादन केले. साने गुरुजींच्या निधनानंतर, १९५० पासून, रावसाहेब पटवर्धन यांच्यासमवेत त्यांनी 'साधना' साप्ताहिकाची धुरा सांभाळली. पुणे येथे १९४९ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

इतिहासदृष्टी

'आधुनिक भारत' (१९३८) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. घटनांची जंत्री देणे हा त्याचा हेतू नाही. विचारप्रवाहांचा संघर्ष आणि विकास हेच त्याचे सूत्र आहे. रानडे-गोखल्यांचा उदारमतवाद, त्याला टिळकांच्या राष्ट्रवादाने दिलेले आव्हान आणि या दोहोंना सामावून पुढे जाणारा गांधीजींचा सत्याग्रह, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे परस्परांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले नेते येथे एकाच प्रक्रियेचे वाटेकरी ठरतात. मवाळ-जहाल वादाची कटुता ताजी असताना हा समतोल साधणे सोपे नव्हते.

सत्याग्रही समाजवाद

१९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला आणि तरुण पिढीवर मार्क्सवादाचा प्रभाव वाढू लागला. जावडेकरांनी समाजवादाचे आर्थिक समतेचे ध्येय स्वीकारले. परंतु हिंसेचे साधन नाकारले. साधन अशुद्ध असेल तर साध्यही विकृत होते, ही त्यांच्या 'सत्याग्रही समाजवादा'ची बैठक होय.

मर्यादा

समन्वयाच्या या चौकटीस मर्यादाही आहेत. इतिहासाचा ओघ गांधीविचाराकडेच जातो असे मानल्यास त्या ओघाबाहेरील प्रवाह गौण ठरतात. महात्मा फुले यांची सत्यशोधक परंपरा आणि डॉ. आंबेडकरांचा जातिअंताचा विचार या मांडणीच्या केंद्रस्थानी येत नाहीत. त्यामुळे राष्ट्रवादाचा विकास स्पष्ट होतो. पण त्या राष्ट्रात कोणाचा समावेश होता, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

समारोप

जावडेकर तटस्थ इतिहासकार नव्हते. मात्र आपला पक्ष त्यांनी लपविला नाही आणि प्रतिपक्षाचे म्हणणे विकृतही केले नाही. तटस्थतेपेक्षा ही वैचारिक प्रामाणिकताच त्यांच्या लेखनाचे खरे बळ आहे. आज त्यांचे पुनर्वाचन करताना हा प्रामाणिकपणा जपावा आणि त्यांनी कडेला ठेवलेल्या प्रवाहांनाही इतिहासाच्या मध्यभागी आणावे, हेच अभ्यासकांपुढील कार्य आहे.