आत काहीतरी आडवं आहे

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पुण्याच्या सोसायटीचं ड्रेनेज तुंबलं. रविवारी सकाळी, अर्थातच. (ड्रेनेज आणि प्रॉडक्शन सर्व्हर, दोघांनाही सुट्टीचा वार बरोबर कळतो.) सेक्रेटरी गावाला गेलेले, त्यामुळे चेंबरपाशी उभं राहायची ड्युटी माझ्याकडे आली.

दोन जण आले. एक विशीतला पोरगा आणि एक पन्नाशीचे काका. काका एकाला एक रॉड जोडत आत सरकवत होते. वीसेक फुटांवर रॉड अडला. मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "काका, जरा जोरात मारा की, निघेल." काकांनी रॉड थोडा मागे घेतला, परत हळूच टेकवून बघितला आणि म्हणाले, "साहेब, हा कचरा न्हाय. आत काहीतरी आडवं हाय. मी न्हाय मारनार."

मला तेव्हा थोडा रागच आला होता, खोटं कशाला सांगू! चार दिवसांनी कमिटीने कॅमेरावाला बोलावला. छोट्या स्क्रीनवर आमच्या जुन्या पाईपचा आतला भाग दिसला आणि त्याच्या बरोबर मधून, या भिंतीतून त्या भिंतीत आरपार गेलेली एक प्लास्टिकची नळी. तिच्यावर केस, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचं घरटं झालेलं. चौकशी केल्यावर कळलं की ती इंटरनेटच्या केबलची नळी. रस्ता न खोदता मशीनने जमिनीखालून ओढलेली. त्याच फुटपाथखालून, त्याच पद्धतीने टाकलेली गॅसची लाईनही जाते. आमच्या नशिबाने पाईपात घुसली ती केबल.

"जोरात मारा" असं मी म्हणालो होतो, हे मात्र डोक्यातून जाईना. म्हणून मग दोन-तीन वीकेंड या विषयाचा इतिहास वाचण्यात घालवले.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. ऑक्टोबर १८६५ मध्ये एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडी बाजारात पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. दिवे लावणाऱ्यांच्या मागोमाग बघ्यांची गर्दी चालत होती म्हणे. हा गॅस कोळशापासून बनायचा. लालबागला अजूनही 'गॅस कंपनी लेन' आहे, ती त्या काळाची खूण. त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले आणि त्याच दशकात शहराच्या भुयारी गटारांचाही विषय ऐरणीवर होता. म्हणजे गॅस आणि गटार हे दोघं मुंबईच्या जमिनीखाली जवळपास एकदमच राहायला आले. पण तेव्हा पाईप टाकायचा म्हणजे सरळ चर खणायचा. कुदळ मारणाऱ्याला वाटेत जे काही असेल ते डोळ्यांनी दिसायचं. पुढची शंभर वर्षं जगभर थोड्याफार फरकाने हेच चाललं.

१९७१ मध्ये कॅलिफोर्नियात मार्टिन चेरिंग्टन नावाच्या कंत्राटदाराने पाहारो नदीच्या तळाखालून आडवं ड्रिलिंग करून पाईप पार नेला. आज रस्त्याकडेला तिरकं उभं असलेलं जे 'एचडीडी' मशीन आपण बघतो, त्याचा हा पूर्वज. गंमत म्हणजे तो पाईपही गॅसचाच होता. पद्धत अशी: आधी एक बारीक भोक पाडत जायचं. ड्रिलच्या टोकात एक ट्रान्समीटर असतो, वर एक माणूस हातात यंत्र घेऊन त्याच्यामागे चालतो आणि टोक कुठे, किती खोल आहे ते सांगतो. मग भोक मोठं करायचं आणि परत येताना नवा पाईप मागे ओढून आणायचा. रस्ता फुटत नाही, ट्रॅफिक अडत नाही, सगळे खूश.

आता यातली मेख बघा. ट्रान्समीटर सांगतो ते ड्रिल कुठे आहे हे. समोर काय आहे हे तो सांगत नाही. लोखंडी पाईप आणि विजेच्या केबली वरून यंत्राने शोधता येतात, पण मातीचा किंवा पीव्हीसीचा ड्रेनेज पाईप अशा यंत्राला दिसत नाही. त्यातून घरापासून मेन लाईनपर्यंत जाणारा जो छोटा पाईप असतो, तो बहुतेक वेळा कुठल्याच नकाशावर नसतो. ड्रिल त्यातून आरपार गेलं तर मशीन चालवणाऱ्याच्या हाताला जाणवेलच असं नाही. नवी गॅसलाईन टेस्ट होते, टेस्ट पास होते, कारण ती गळत नसतेच! ड्रेनेजही चालू राहतं, पाणी पाईपला वळसा घालून जातं. इंजिनियर मंडळींच्या भाषेत, सगळ्या टेस्ट हिरव्या आणि बग प्रॉडक्शनमध्ये. याला बाहेर 'क्रॉस बोअर' म्हणतात.

हा बग बाहेर पडतो तो काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. आडव्या पाईपवर कचरा साठतो, ड्रेनेज तुंबतं आणि कोणीतरी माझ्यासारखा म्हणतो, जोरात मारा. रॉडच्या टोकाला फिरतं पातं असेल तर प्लास्टिकचा गॅस पाईप सहज कापला जातो. मग गॅसला घरात शिरायला वेगळी वाट शोधावी लागत नाही. ड्रेनेजचा पाईप थेट बाथरूमपर्यंत जातोच. फ्लोअर ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असलं की संपलं. पाईपचा गॅस मुख्यतः मिथेन. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असलं की ठिणगी पुरते. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये घाण वास मिसळतात, पण गटाराच्या वासात तो ओळखणार कोण?

२९ ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावात नेमकं हेच झालं. ड्रेनेज साफ करणाऱ्या यंत्राने आत घुसलेला प्लास्टिकचा गॅस पाईप फोडला, गॅस ड्रेनेजमधून घरात गेला, स्फोटात घर उद्ध्वस्त झालं आणि दोन माणसं गेली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास करून कारण लिहून ठेवलं. म्हणजे धोका काय आहे हे तेव्हापासून माहीत होतं. तरीही १ फेब्रुवारी २०१० ला मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात तीच गोष्ट पुन्हा घडली. घर गेलं, सुदैवाने माणसं वाचली. मधली चौतीस वर्षं!

त्यानंतर मात्र तिथल्या कंपन्यांनी ड्रेनेज लाईनमध्ये कॅमेरे घालून जुनी कामं तपासायला घेतली. मेन लाईनमध्ये चाकांचा छोटा रोबो सोडतात, घरांच्या लाईनमध्ये लवचिक दांड्यावरचा कॅमेरा ढकलतात. नवीन काम असेल तर ड्रिलिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असं दोनदा बघायचं. शिवाय नळदुरुस्ती करणाऱ्यांसाठी मोहीम निघाली: घराबाहेरचं चोकअप काढण्याआधी फोन करा, गॅसवाले येऊन बघतील.

चूक नेहमी ड्रिलचीच असते असंही नाही. तैवानमधल्या काऊशुंग शहरात प्रोपीन वायूची एक पाईपलाईन पावसाळी गटाराच्या बंदिस्त काँक्रीट पेटीतून आरपार गेली होती. गटारातल्या ओलाव्याने ती वर्षानुवर्षं गंजत राहिली आणि ३१ जुलै २०१४ च्या रात्री फुटली. गटारांच्या वाटेने वायू पसरला, रस्तेच्या रस्ते उडाले, ३२ माणसं मेली.

आता आपल्याकडे. मुंबईत महानगर गॅस १९९५ मध्ये सुरू झाली, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस २००६ मध्ये. २०१८ मध्ये शहरी गॅसच्या नवव्या बोलीफेरीत सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचाही नंबर लागला. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे खाली कोणाचं काय आहे ते समजतं. गरज आहेच त्याची. मार्च २०२५ मध्ये अंधेरीत जेसीबीने गॅसलाईन फोडली आणि रस्त्यावरचे लोक भाजले.

पण हे ॲप खोदणाऱ्यासाठी आहे. आमचे रॉडवाले काका काहीच खोदत नाहीत. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. हे सगळं आत उतरणाऱ्यासाठी. काका आत उतरत नाहीत, ते काठावर उभे राहून रॉड मारतात. चूक दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी केलेली असते, बिल कधीच निघालेलं असतं आणि ती चूक पहिल्यांदा लागते ती काकांच्या हाताला.

माझं गाव जत. सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, पलीकडे कर्नाटक. पूर्वी डफळ्यांचं संस्थान, मग काही वर्षं 'दक्षिण सातारा', १९६० पासून सांगली. आमच्या घरात अजून सिलिंडरच आहे आणि दारासमोरून उघडं गटार वाहतं. दिवाळीला गेलो तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, ही सगळी कथा ऐकवली. म्हटलं, "अण्णा, तुमच्याकडेही कधीतरी भुयारी गटार होईल, गॅसची लाईनपण येईल."

अण्णांनी गटारात अडकलेली काटकी काठीने बाजूला केली आणि म्हणाले, "येऊ दे की. वास तरी जाईल. पर आज काय आडकलंय ते दिसतंय बघ. झाकल्यावर कुनी बघायचं, त्ये आधी ठरवा म्हनाव."

उघड्या गटाराचं कौतुक करायचं नाहीये मला. त्याच्या डासांनी लहानपणी मला दोनदा मलेरिया दिलाय. पण अण्णांचा प्रश्न बरोबर आहे आणि जिथे दोन्ही लाईनी अजून पडायच्या आहेत तिथे तो सोडवणं सगळ्यात स्वस्त. गटाराचा पाईप टाकतानाच त्याची जागा आणि खोली नकाशावर लिहायची. गॅसवाल्याने ड्रिलिंग केलं की शेजारच्या ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून मगच बिल काढायचं. पुण्यामुंबईत जे राहून गेलं, ते जतला पहिल्या दिवसापासून करता येईल.

आमच्या सोसायटीत आम्ही एक साधा नियम केलाय. गेटसमोर कोणीही मशीन लावून काही ओढलं की महिन्याच्या आत आमच्या खर्चाने ड्रेनेजमध्ये कॅमेरा. आणि चोकअप काढताना रॉड अडला तर थांबायचं, पुन्हा मारायचा नाही. मीटिंगमध्ये एकाने विचारलं, हा खर्च कशासाठी? मी स्क्रीनवरचा तो फोटो दाखवला.

काकांना त्या दिवशी ठरलेले पैसे दिले होते, वर काही नाही. पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी चहा सांगितला आणि कॅमेऱ्यात काय दिसलं ते सांगितलं. ते म्हणाले, "हाताला कळतंय साहेब." आणि रॉड जोडायला लागले.