उमजलेले गाणे



आपल्या भोपाळहून इंदूरच्या रस्त्याने निघालो की साधारण दीडशे किलोमीटरवर देवास लागते. तिथे टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या पंडित कुमार गंधर्वांनी 1965 साली एक कार्यक्रम केला. त्याचे नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांची नाट्यपदे मराठी घरांत पाठ होती आणि खुद्द बालगंधर्व तेव्हा हयात होते. ते 1967 साली गेले. मूळ गायक समोर असताना त्याचीच गाजलेली गाणी आपल्या गळ्यातून लोकांपुढे ठेवणे हे धाडस होते. आजची मुले याला ‘कव्हर’ म्हणतील. मला मात्र त्या नावातल्या ‘उमजलेले’ या शब्दापाशी थांबावेसे वाटते.

कारण नक्कल करणे कुमारांना अवघड नव्हतेच. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा शिवपुत्र कोमकळी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. लोक थक्क होत. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्याला त्याच वयात एका मठाच्या स्वामींनी दिले. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तो रीतसर शिकला. मग क्षयाने गाठले. 1948 च्या जानेवारीत हवापालटासाठी ते देवासला आले, ते कायमचे. एक फुप्फुस निकामी झालेले, गाण्याला डॉक्टरांची मनाई, आणि पत्नी भानुमतींची शुश्रूषा. पाच-सहा वर्षे गळा बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी आणि नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने पडत राहिली. स्ट्रेप्टोमायसिन आले, ते बरे झाले आणि 1953 च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले; पण आता ती लहानपणची हुबेहूब नक्कल नव्हती. कबीरही त्यांनी गायला तो असाच, आधी मुकाट्याने ऐकून. त्यांनी गायलेली बालगंधर्वांची पदे ऐकताना जुन्या रसिकांना मूळचा गोडवा हवाहवासा वाटतो, आणि खरे सांगायचे तर कधीकधी मलाही वाटतो. पण गाणारा काय समजून गातो आहे हे त्यांत लपत नाही.

आणि मूळ तरी कुणाचे? ‘स्वयंवर’ नाटक 1916 चे. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि त्यांतल्या कितीतरी चाली जुन्या ख्याल-ठुमरीच्या बंदिशींवर बेतलेल्या. म्हणजे बालगंधर्वही दुसऱ्याचेच गात होते. मराठी नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचे नाव छापण्याची पद्धतच होती. कुणी लपवत नसे.

आपल्या उपासनेतल्या गीतांचा इतिहासही याहून वेगळा नाही. सुरुवातीची कितीतरी मराठी ख्रिस्ती गीते इंग्रजीवरून उतरवलेली आणि विलायती चालींवर बसवलेली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे घरचेच साचे हाती घेतले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. अभंग त्यांनी शोधलेला नव्हता, पण त्यांच्या अभंगात तुकोबांची नक्कल शोधून सापडत नाही.

हे आज लिहिण्याचे कारण आपल्या गायनमंडळांत चालणारा वाद. तरुणांना नामवंत गायकाचे भक्तिगीत मोबाइलवर ऐकले तसेच म्हणायचे असते: त्याच हरकती, तोच श्वास, मागे तोच ट्रॅक. ज्येष्ठ म्हणतात, आमच्या वेळी म्हणत तसेच म्हणा. ऐकताना वाटते, दोन्ही बाजू मागतात ती नक्कलच. फक्त नमुना निराळा. या भांडणापायी चांगले गाणारे दोघेतिघे घरी बसतात, हे अनेक ठिकाणी घडते. मग उपासनेत उरतो तो ट्रॅक.

बायबल काढून पाहा. 1 शमुवेल, अध्याय 2 मध्ये हन्नाचे गीत आहे. दूध तुटलेल्या शमुवेलाला शिलोच्या मंदिरात देवाला देऊन टाकताना ती ते गाते. लूक, अध्याय 1 मध्ये पवित्र मरियेचे गीत आहे. उपाशी तृप्त होतात, बलवान खाली येतात, दीन वर उचलले जातात: आशय हन्नाचाच. स्वतःला देवाची दीन दासी म्हणणेही हन्नाच्या नवसातून आलेले. नासरेथच्या या मुलीने ते लहानपणापासून ऐकलेच असणार. पण वांझेला झालेल्या सात लेकरांचा उल्लेख मरियेच्या गीतात नाही, योद्ध्यांची मोडलेली धनुष्येही नाहीत. त्याऐवजी अब्राहामाला दिलेले वचन आले आहे. हन्नाने गीत गायले तेव्हा मूल हातातून सुटत होते; मरियेचे तर अजून जन्मायचे होते.

आणि क्रुसावर प्रभूच्या ओठी आले ते 22 वे स्तोत्र. शतकानुशतके इस्राएल म्हणत आलेले. मत्तय आणि मार्क यांनी त्याची पहिली हाक त्याच्या स्वतःच्या बोलीत जपून ठेवली आहे.