नक्कल कुठं ठेवायची? गलबतापासून स्टोरेज ॲरेपर्यंत

गोव्यातला पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षं गेलेच होते. असा एखादा तह झाला, की त्याची खबर लिस्बनला कळवायची. मधे सारं आफ्रिका खंड आणि दोन महासागर. पत्र पोहोचून उत्तर यायला दीड-दोन वर्षं सहज जात. अशा वेळी महत्त्वाचा मजकूर एकाच कागदावर सोडणं परवडणारं नव्हतं. म्हणून पोर्तुगीज कारभारात एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती लिहून काढत. प्रत्येकीच्या माथ्यावर ‘पहिली विया’, ‘दुसरी विया’ असा शेरा मारत आणि प्रत्येक प्रत वेगळ्या जहाजावर चढवत. एक जहाज मोझांबिकच्या किनाऱ्यावर फुटलं किंवा डचांच्या हाती लागलं, तरी दुसरं पोहोचायची आशा असे. लिस्बनहून आलेली पत्रं आणि इथून गेलेल्या उत्तरांच्या नकला गोव्यात वर्षवार बांधून ठेवल्या जात. जहाजं मोसमी वाऱ्यावर ये-जा करत, म्हणून या बाडांना ‘मोंसोंईस’ची, म्हणजे मोसमाची, पुस्तकं हे नाव पडलं.

आज दोन स्टोरेज ॲरेंमध्ये, म्हणजे अनेक डिस्कच्या साठवण-यंत्रांमध्ये, जे रेप्लिकेशन, म्हणजे सततची नक्कल, चालतं, त्याचा मूळपुरुष मी या पद्धतीत पाहतो. मजकूर एकच, पण वाटा वेगळ्या, ठिकाणं वेगळी, आणि दुसरी प्रत थोडी मागे असणार हे आधीच मान्य केलेलं.

गोव्याच्या दप्तराची रीतसर घडी १५९५ मध्ये बसली आणि इतिहासकार दियोगु दु कोतु त्याचा पहिला रक्षक झाला. या दुसऱ्या प्रतीची खरी किंमत कळली ती १ नोव्हेंबर १७५५ रोजी. लिस्बनला भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला आणि आग लागली. नदीकाठचा राजवाडा आणि त्याच्या आवारातलं ‘काझा द इंडिया’, म्हणजे पूर्वेकडच्या साऱ्या व्यापाराचं मुख्य दप्तर, नष्ट झालं. राजधानीतली प्रत गेली, गोव्यातली राहिली. पुढे मोसमाच्या पुस्तकांचे काही खंड इथून लिस्बनला नेण्यात आले आणि १८८० पासून ते छापून येऊ लागले. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर १९३० च्या दशकापासून या दप्तराचे प्रमुख होते. मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास त्यांनी याच कागदांतून उभा केला. नकला राखण्याची ती शिस्त नसती, तर डिचोली-पेडण्याच्या इतिहासाची कितीतरी पानं आज कोरी असती.

कागदावरून डिस्कवर यायला दोन शतकं लागली. अमेरिकेतल्या टँडेम कंपनीने १९७६ मध्ये न थांबणारा संगणक बाजारात आणला. त्यात प्रत्येक नोंद दोन डिस्कवर एकदमच लिहिता येई. ‘रेड’ या नावाखाली डिस्कच्या जुडग्याचा प्रसिद्ध शोधनिबंध १९८८ चा. पण या दोन डिस्क एकाच खोलीत असत. खोलीला आग लागली तर दोन्ही जाणार. १९९४ मध्ये ईएमसी कंपनीने आपल्या सिमेट्रिक्स ॲरेसाठी एसआरडीएफ हे साधन आणलं. आता एका इमारतीतला ॲरे दुसऱ्या गावातल्या ॲरेला थेट नक्कल धाडू लागला, सर्व्हरला त्याचा पत्ताही न लागता. आयबीएम आणि हिताची यांचीही अशीच साधनं आली. हार्डवेअर रेप्लिकेशन म्हणतात ते हेच.

त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. सर्व्हर म्हणतो, ‘हा ब्लॉक लिही.’ पहिला ॲरे तो आपल्या कॅशमध्ये घेतो, तारेवरून दुसऱ्या ॲरेला पाठवतो आणि त्याची पोच आल्यावरच सर्व्हरला ‘झालं’ म्हणतो. ही सिंक्रोनस पद्धत. यात एकही नोंद हरवत नाही, पण प्रत्येक नोंदीला जाऊन-येऊन थांबावं लागतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे शंभर किलोमीटरवर जाऊन यायला एक मिलिसेकंद. मुंबई ते चेन्नई हे अंतर हजार किलोमीटरच्या घरातलं, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्यालाच दहा मिलिसेकंद. दिवसाला कोट्यवधी सौदे करणाऱ्याला हे झेपत नाही. मग असिंक्रोनस पद्धत घ्यावी लागते: इथं लगेच ‘झालं’ म्हणायचं, नक्कल मागून जाऊ द्यायची आणि शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी जाऊ शकतात हे पत्करायचं.

सॉफ्टवेअरचा घराणेवृक्ष वेगळा. इथं नक्कल करतो तो सर्व्हर. व्हिएन्नाच्या फिलिप राइस्नरने लिहिलेलं डीआरबीडी लिनक्सवर ब्लॉकच्या नकला पाठवतं, आणि २०१० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालं. त्याच वर्षी पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसलाही स्वतःचं रेप्लिकेशन मिळालं. डेटाबेस ब्लॉक पाठवत नाही, व्यवहाराची नोंदवही पाठवतो. दोन्ही टोकांना एकाच कंपनीचा महागडा ॲरे लागत नाही, बारीक लाइनवरही भागतं, आणि लाइन तुटली तर जोडल्यावर नोंदवही राहिलेल्या जागेपासून पुढे चालू होते. बदल्यात सर्व्हरची ताकद खर्च होते आणि प्रत्येक डेटाबेसची व्यवस्था वेगळी लावावी लागते. ज्या बँकेत मेनफ्रेम, युनिक्स, विंडोज अशी शेकडो यंत्रं आहेत, तिथं ॲरेवर सगळ्यांची एकदम सोय होते. तिथं हार्डवेअरचा पैसा वसूल होतो, यात मला शंका नाही.

पण पैसा ओतला म्हणजे धोका संपला असं नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळची प्रत कुर्ल्यात, लांबची चेन्नईत. रस्त्याच्या खोदकामामुळे मुख्य केंद्र आणि कुर्ल्याची प्रत यांच्यामधल्या लाइन डळमळल्या. तशा वेळी मुख्य केंद्राने एकट्याने काम सुरू ठेवावं अशी आखणी होती. प्रत्यक्षात मुख्य ॲरेच सर्व्हरना मिळेनासा झाला. व्हेंडरने केलेल्या जुळणीतल्या तर्कातच चूक होती, असं बाजाराने नंतर जाहीर केलं. ज्या जोडणीने नोंदी वाचवायच्या, तिनेच बाजार चार तास बंद पाडला.

जुन्या वियांमध्ये हा धोका नव्हता. दुसरं जहाज बुडालं म्हणून पहिलं थांबत नसे.

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शेतकऱ्याच्या हाती असतो तो जमिनीचा एक-चौदाचा उतारा. गाव, सर्व्हे क्रमांक, पोटविभाग, मग जिरायत, बागायत, खाजन, केर, मोरड असे जमिनीचे रकाने, कब्जेदाराचं नाव, कुळाचं नाव, इतर हक्क. डिचोलीतल्या मये गावच्या लोकांनी स्थलांतरित मालमत्तेच्या प्रश्नावर गोवा मुक्तीनंतर किती वर्षं झुंज दिली, ते आठवलं की या रकान्यांतल्या एका नावाचं मोल कळतं. मोपाच्या विमानतळाचं डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, तेव्हापासून पेडण्याच्या जमिनीकडे साऱ्या देशाची नजर आहे. बनावट कागदांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की त्याच वर्षी जूनमध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

इथं रेप्लिकेशनची मर्यादा उघडी पडते. कोणी खोटं नाव चढवलं, तर ॲरे ती नोंदही तितक्याच इमानाने, मिलिसेकंदात, दुसरीकडे पोहोचवतो. त्याला ब्लॉक दिसतात, कब्जेदार दिसत नाही. नुसतं रेप्लिकेशन बसवून ‘बॅकअप झाला’ म्हणणारे अधिकारी आणि विक्रेते लोकांच्या मालमत्तेशी खेळतात, असं मी स्पष्ट म्हणेन. डेटाबेसच्या नोंदवहीवरून निदान कोणता फेरफार कधी झाला हे मागे जाऊन तपासता येतं, आणि त्या फेरफाराच्या आदल्या क्षणापर्यंत परतताही येतं. अर्थात ती नोंदवही जपून ठेवलेली असली तर.

म्हणून तालुक्याच्या जमीन-नोंदींसाठी माझा कौल सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे. या नोंदी सेकंदाला हजारोंनी बदलत नाहीत, त्यांना मिलिसेकंदाची घाई नाही आणि पावसाळ्यात लाइन तुटणारच. जुलै २०२१ मध्ये डिचोली-सत्तरीत पाणी भरलं होतं. तेव्हा दुसरी प्रत त्याच खोऱ्यात नको, शक्यतो राज्याबाहेर हवी. तिसरी प्रत तारीख घालून, कोणालाही खोडता येणार नाही अशी, जोडणी तोडून ठेवलेली हवी. पुढच्या निविदेत एवढ्या अटी घाला, आणि वर्षातून एकदा दुसऱ्या प्रतीवरून खरंच उतारा काढून दाखवायची सक्ती करा. पंचायतीच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारायचा अधिकार गावच्या प्रत्येक मतदाराला आहे. तो वापरा.